एकशे वीस वेळा तात्या

आमच्या बोरगावात पीजीडीसीए झालेल्या माणसाविषयी तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : त्याला सगळं येतं, आत्ताच्या आत्ता येतं आणि फुकट येतं. महाराष्ट्रात जसं एमएससीआयटी, तसं आमच्या मध्य प्रदेशात डीसीए नाहीतर पीजीडीसीए. त्या कोर्सात मी एक्सेल शिकलो, टॅली शिकलो आणि फॉक्सप्रो नावाची एक भाषा शिकलो, जी बोलणारं आता कोणी उरलेलं नाही. डीव्हीडी कशी करायची हे कुठल्याच पेपरला नव्हतं. पण गावाला हे सांगून उपयोग नसतो. विहिरीवरची मोटर जळाली तरी "कॉम्प्युटरवाल्या पोराले बोलवा" म्हणणारी माणसं आहेत.

बोरगाव म्हणजे कुठलं, हे आधी सांगावं लागतं, कारण महाराष्ट्रात चार कोस चाललं की एक बोरगाव लागतं. आमचं त्यातलं नाही. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं, सावनेर मागं टाकलं की पुढं महाराष्ट्र संपतो आणि मराठी संपत नाही. त्या पट्ट्यातलं, सौंसरजवळचं हे बोरगाव. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या. तोवर आमची राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. तेव्हापासून आमचे अर्ज हिंदीत असतात आणि भांडणं मराठीत. जिल्हासुद्धा आधी छिंदवाडा होता, २०२३ पासून पांढुर्णा झाला. एका अंगाला औद्योगिक क्षेत्र, तिथं रेमंडचं सुटाचं कापड तयार होतं. दुसऱ्या अंगाला संत्र्याचे बगीचे. ही संत्री आमच्या मातीत वाढतात, आमचं पाणी पितात आणि ट्रकनं सीमा ओलांडली की नागपुरी होतात.

तर २०१२च्या हिवाळ्यात आमच्या संत्रेवाल्यांच्या गटाला नागपूरच्या एका कृषी प्रदर्शनात तीन दिवसांचा स्टॉल मिळाला. गटाचे अध्यक्ष म्हणजे माझे मोठे काका. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "टीव्हीवर आपल्या बगिच्याची फिल्म लावाची आहे. चालूच राह्यली पाहिजे. सकाळी एकदा लावली का संध्याकाळी बंद."

मी म्हटलं, "होऊन जाईल."

"होऊन जाईल" हा आमच्याकडचा फार धोक्याचा शब्द आहे. कोण करणार, कसं करणार आणि कधी करणार या तिन्ही प्रश्नांतून तो बोलणाऱ्याला मोकळं करतो. त्या दिवशी मात्र तिन्हींचं उत्तर मीच होतो.

फिल्मचा विषय काकांनीच ठरवला होता : झाडाला बोर्डो पेस्ट कशी लावायची. संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या लागतो, साल फुटून डिंक ओघळतो, झाड हळूहळू वाळतं. त्यावर उपाय म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. मोरचूद वेगळं भिजवायचं, चुना वेगळा, मग दोन्ही एकत्र करून निळं खिरीसारखं मिश्रण ब्रशनं बुंध्याला फासायचं. दिसायला सोपं, करायला सोपं आणि शूट करायला तर फारच सोपं. निदान तसं वाटलं.

शूटिंगला गावातला लग्नाचा व्हिडिओवाला बोलावला. त्यानं आजवर लग्न, बारसं आणि तेरवी यांखेरीज काही टिपलेलं नव्हतं. त्यामुळे काका ब्रश बादलीत बुडवत असताना तो ओरडला, "काका, इकडं पाहा न! थोडे हसा!" बोर्डो पेस्ट लावताना कॅमेऱ्याकडे बघून हसणारा शेतकरी भारतीय शेतीच्या इतिहासात तो पहिलाच असावा. चार मिनिटांची फिल्म त्यानं घरी नेऊन 'मिक्सिंग' करून आणली. दोन दृश्यांच्या मध्ये बदामाचा आकार उघडत होता. चुना भिजताना वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. मागं सनई. मेन्यूच्या पानावर गणपती, त्याखाली 'शुभविवाह' आणि 'प्ले'च्या बटणाला मंगल कलश. संत्र्याच्या झाडाची हळद चालली आहे असंच वाटत होतं, रंग तेवढा निळा.

पाकळ्या मी काढायला लावल्या. सनई काढली. बदाम राहिले, कारण ते निघत नाहीत असं त्यानं शपथेवर सांगितलं.

एखादी गोष्ट समोरच्याला पटवायची तर हलतं चित्र दाखवावं, ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे उभे करायच्या आधी, १९१२च्या सुमारास, कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडं थोडं टिपत राहिले. मिनिटभराची ती फिल्म, 'अंकुराची वाढ'. पैसेवाल्याच्या डोळ्यांदेखत कोंब वर आला आणि भांडवलही आलं. पण फाळक्यांना ती एकदाच दाखवायची होती. दिवसभर लावून ठेवायची असती आणि मध्ये वाटाणा थांबला असता, तर आपला सिनेमा किती वर्षं लांबला असता, हे सांगता येत नाही.

आता माझ्यापुढे प्रश्न होता तो 'चालूच राह्यली पाहिजे'चा. डीव्हीडी हे यंत्र मुळात सिनेमासाठी जन्मलेलं. १९९६च्या नोव्हेंबरात जपानात ते बाजारात आलं तेव्हा ज्यांनी त्याचे नियम ठरवले, त्यांच्या डोळ्यांपुढे सोफ्यावर बसलेलं एक कुटुंब असणार. सिनेमा संपला, कुटुंब उठलं, झोपायला गेलं, डिस्क थांबली. ही डिस्क कधीकाळी नागपुरातल्या मांडवात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा चुना भिजवत बसेल, असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

सोपा उपाय सगळ्यांना माहीत होता : रिमोटवर 'रिपीट'चं बटण असतं, ते दाबा. पण लाइट गेली आणि परत आली की प्लेअर आधीचं सगळं विसरतो. पुन्हा बटण दाबावं लागतं. आणि आमच्या प्लेअरच्या रिमोटमधले सेल दिवाळीपासून भिंतीवरच्या घड्याळात होते. घड्याळ काढू द्यायला काकू तयार नव्हत्या.

म्हणून मी डोकं चालवलं. ४.७ जीबीच्या डिस्कवर बऱ्या दर्जाचा दोन तासांचा सिनेमा बसतो. फिल्म चार मिनिटांची. चार गुणिले तीस, एकशे वीस मिनिटं! एकाच फिल्मच्या तीस प्रती एकापुढे एक डकवल्या आणि रात्रभर कॉम्प्युटर चालत ठेवला. मध्ये दोनदा लाइट गेली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. पहाटे डिस्क बाहेर आली तेव्हा ती गरम भाकरीसारखी लागत होती. मी स्वतःवर खूश होतो. दर दोन तासांनी कोणीतरी एकदा 'प्ले' दाबलं की झालं.

टीव्ही गोधडीत गुंडाळून टेम्पोत घातला, संत्र्याचे कॅरेट बाजूला लावले आणि आम्ही नागपुरात दाखल झालो. पहिल्या दिवशी सकाळी दहाला फिल्म लागली. छान चालली. दुपारी बाराला आम्ही सगळे झुणका-भाकरीच्या स्टॉलवर होतो. परत आलो तर आमच्या स्टॉलपुढे ही गर्दी! काका मला म्हणाले, "पाह्य, बोर्डोचा काय असर आहे."

बोर्डोचा नव्हता. फिल्म संपली होती, आणि प्लेअरनं स्वतःचं ते रंगीत नाव पडद्यावर सोडलं होतं, जे या कडेला आपटतं, त्या कडेला आपटतं आणि फिरत राहतं. पंधरा-वीस माणसं ते नाव बरोब्बर कोपऱ्यात कधी लागतं याची वाट बघत उभी होती. पाच-सहा पोरं खाली बसली होती. एकानं पैजही लावली असावी, कारण नाव कोपऱ्याच्या बोटभर आधी वळलं तेव्हा तो "हात् तेरी!" असं म्हणाला ते पैसे गेल्यासारखंच. मी 'प्ले' दाबून बोर्डो पेस्ट लावली तशी गर्दी पांगली. एक गृहस्थ जाता जाता मला म्हणाले, "काहून बंद केलं भाऊ, लागतच होतं."

त्या रात्री मी नागपुरात बहिणीकडे मुक्कामाला होतो. सीताबर्डीवरून कोऱ्या डिस्का आणल्या, पंधरा रुपयाला एक. त्या काळी कोरी डिस्क म्हटलं की बहुतेक मोझर बेअरची असायची. नोएडाच्या याच कंपनीनं २००७च्या सुमारास सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा चोरट्या डिस्का विकणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुढं मोबाइलनं डिस्कच पळवली आणि २०१८ साली कंपनी मोडीत निघाली. पण मी दहा घेतल्या तेव्हा दुकानदारानं हातच्या सुपारीसारख्या झटकन मोजून दिल्या होत्या.

लॅपटॉपवर डीव्हीडी तयार करायचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर होतं. त्यात शोधता शोधता कळलं की प्रत्येक फिल्मच्या शेवटी डिस्कवर एक आज्ञा लिहिलेली असते : संपलं, आता कुठं जायचं. तिला म्हणतात पोस्ट कमांड. बहुतेक वेळा ती सांगते, मेन्यूवर जा. काही वेळा काहीच सांगत नाही, मग प्लेअर थांबतो आणि आपलं नाव आपटत बसतो. तिथं मी लिहिलं, 'जम्प टायटल वन'. म्हणजे पहिल्या फिल्मवर जा. डिस्कवर फिल्मच एक. म्हणजे जिथून निघालास तिथंच जा. तीस प्रती नकोत, काही नको. एक फिल्म, एक ओळ. मेन्यू काढूनच टाकला, गणपतीची मनातल्या मनात माफी मागून. डिस्क घातली की सरळ फिल्म सुरू. लाइट जाऊन आली तरी पुन्हा तीच फिल्म सुरू. रिमोटला हात नाही, घड्याळाला धक्का नाही.

तीन डिस्का वाया गेल्या. त्या बहिणीनं चहाच्या कपाखाली ठेवायला घेतल्या. चौथी चालली, पण प्रत्येक फेरीच्या शेवटी पडदा क्षणभर गोठायचा. याचं कारण मला फार आवडलं. डीव्हीडीवरची रेघ आतून बाहेर गुंडाळत गेलेली असते. उलगडली तर जवळपास १२ किलोमीटर भरेल. लेझरचं भिंग त्या रेघेवरून बाहेर सरकत जातं आणि "परत जा" म्हटलं की त्याला बिचाऱ्याला खरोखरच उठून मागं यावं लागतं. तेवढा दम घ्यायला त्याला वेळ हवा. म्हणून मी फिल्मचा शेवट हळूहळू काळा केला आणि सुरुवात काळ्यातून उजळत आणली. आता भिंग अंधारात परत यायचं आणि कोणाला कळायचं नाही. पाचवी डिस्क उलटी धरून दिव्याखाली बघितली. चार मिनिटांना लागते किती जागा? मधल्या भोकाला लागून बोटभरही नाही असं एक गडद कडं जळलेलं, बाकी सगळी डिस्क कोरी, जांभळी, चकचकीत. त्या कड्यात आमचा बगीचा, काका, चुना आणि, हे मला तोवर माहीत नव्हतं, आमचे तात्या होते.

तात्या म्हणजे काकांचे सासरे. दुसऱ्या दिवशी लोधीखेड्याहून छोट्या लाइनच्या गाडीत बसून ते इतवारीला उतरले. अडीच फुटी रुळांवरून डुलत डुलत येणारी ही गाडी तेव्हा चालू होती, २०१५त बंद पडली. धुवट पायजमा, टोपी, खांद्यावर दुपट्टा अशा थाटात ते येऊन टीव्हीशेजारच्या खुर्चीत बसले. फिल्म फिरत होती. न थांबता, न अडखळता, फेरीमागून फेरी. मी तिच्याकडे नवऱ्या मुलीच्या बापासारखा बघत होतो.

फिल्म एकदा बघितली तर माणूस ब्रश बघतो. दोनदा बघितली तर बुंधा बघतो. दहा वेळा बघितली की तो मागचं बघायला लागतो. अकराच्या सुमारास समोरच्या ठिबकवाल्या स्टॉलवरचा पोरगा आला आणि म्हणाला, "भाऊ, तो मागून जाते तो माणूस परत कधी येते?"

"कोणता माणूस?"

"थांबा, येईल आता."

काकांनी ब्रश बादलीत बुडवला. बदाम उघडला. बुंधा दिसला. आणि बुंध्याच्या मागं, दोन ओळींच्या मधून, पायजमा-टोपीतली एक आकृती उजवीकडून डावीकडे, नाल्याच्या दिशेनं, शांतपणे चालत गेली. हातात टमरेल.

सहा सेकंद. पंचवीस चित्रांचा एक सेकंद या हिशेबानं दीडशे चित्रं, आणि दीडशेच्या दीडशे चित्रांत टमरेल स्वच्छ दिसत होतं. व्हिडिओवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा फोकस अचूक साधला होता, तो नेमका मागच्या माणसावर.

मी खुर्चीकडे बघितलं. तात्या संत्रं सोलत होते.

चार मिनिटांना एक फेरी म्हणजे तासाला पंधरा. दहा ते सहा, आठ तास. दिवसाला एकशे वीस वेळा तात्या नाल्याकडे जाणार होते. त्यांच्या वयाच्या माणसाला डॉक्टरनं दोन फेऱ्यांतच सलाइन लावलं असतं. आणि काका म्हणाले होते तसं फिल्म चालूच राहणार होती. थांबवायचा प्रत्येक मार्ग मीच रात्री जागून बंद केला होता. बरं, मधला तुकडा कापावा तर तो काकांच्या हसण्याचा एकमेव प्रसंग होता, आणि ते सारखे येऊन तेवढाच भाग बघून जात होते.

दुपारपर्यंत ही बातमी पूर्ण मांडवात पसरली. खताच्या स्टॉलवरचे आले, ट्रॅक्टरवाले आले, शाळेची एक सहल आली. पोरांना तात्या खुर्चीत बसलेले दिसले आणि तात्या पडद्यावरही दिसले. सोबतच्या बाईंनी पोरांना पुढं ढकलायचा फार प्रयत्न केला. पण "बाई, आता जाणार, आता जाणार" असं म्हणत चाळीस पोरं तीन फेऱ्या उभी राहिली. पडद्यावर तात्या निघाले की टाळ्या. खुर्चीतले तात्या मागं वळून बघायचे, तोवर पडद्यावरचे नाल्यात उतरलेले असायचे. टाळ्या आपल्या वयाला आहेत असा त्यांचा समज झाला. त्यांनी हात जोडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी खुर्ची फिरवून टीव्हीकडे तोंड केलं. एक फेरी बघितली. दुसरी बघितली. दुपट्ट्यानं चष्मा पुसला आणि तिसरी बघितली. माझ्या पोटात गोळा आला. काका संत्री मांडायच्या निमित्तानं टेबलाखाली गेले.

"हा मीच आहो न बे?"

"हाव तात्या."

तात्या गप्प. तेवढ्यात शेती खात्यातले म्हणावेत असे एक साहेब, बरोबर दोन माणसं, असे स्टॉलवर आले. फिल्म त्याच जागी आली. साहेबांनी पडद्याकडे बोट केलं. "हे काय नेऊन राहिले मागून?"

मी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. तात्या उठले. टोपी नीट केली.

"मोरचूद," तात्या म्हणाले.

"डब्यात?"

"मंग? लोखंडाच्या बादलीत मोरचूद भिजवलं तं बादली खाऊन टाकते ते. प्लास्टिकच्या डब्यातच भिजवा लागते. मी वेगळं भिजवून आणून राह्यलो, तो तिथं चुना भिजवून राह्यला. एकास एक, दहा लिटर पाणी. अन् दोन्ही एकदम नाही मिसळवाचं. मोरचुदाचं पाणी अन् चुन्याचं पाणी, संगंसंगं ओताचं."

सगळं खरं होतं. शब्दन् शब्द. मोरचूद लोखंडाला खातं, भिजवायला प्लास्टिकचं किंवा मातीचं भांडं लागतं; आमच्या चार मिनिटांच्या फिल्ममध्ये नेमकी हीच गोष्ट सांगायची राहिली होती. साहेबांनी मान हलवली, बरोबरच्या माणसानं डायरीत लिहून घेतलं. एवढं एकच विचारलं त्यांनी, "पण तुम्ही तर तिकडं चालले, झाडापासून दूर?"

तात्यांनी एक क्षण पडद्याकडे बघितलं. "ते एक झाड आहे का साहेब? साडेतीनशे आहेत."

दुपारनंतर तात्या काठी घेऊन टीव्हीशेजारी उभेच राहिले. स्वतःची आकृती आली की काठी लावून दाखवायचे, "हे पाहा, इथं मोरचूद." लोक गंभीरपणे ऐकायचे. ठिबकवाला पोरगा तेवढा लांबून बघत तोंडात रुमाल कोंबून उभा होता. प्लेअर एव्हाना इतका तापला की त्याच्यावर टेबलफॅन सोडावा लागला, पण पोस्ट कमांडनं दगा दिला नाही. संध्याकाळी सहाला मी भिंतीतली पिनच ओढली, तेव्हा तात्या पडद्यावर अर्ध्या वाटेत होते.

तो मूळ व्हिडिओ नंतर मी मिक्सिंगवाल्याकडे मागितला. त्यानं त्या टेपवर पुढचं लग्न शूट केलं होतं. त्यामुळे तात्यांना नाल्यावरून परत येताना कोणी टिपलं होतं की नाही, हे कळायचा मार्ग उरला नाही. आता भाच्यानं त्या डिस्कवरून सहा सेकंद काढून घरच्या ग्रुपवर टाकले आहेत. मोबाइलवर ते न सांगताच फिरत राहतात, थांबवायला मुद्दाम बोट लावावं लागतं. वाढदिवसाला, दसऱ्याला, कोणाच्या नोकरीच्या बातमीला, कशालाही उत्तर म्हणून तात्या निघतात.

घरी संडास झाला त्याला बरीच वर्षं झाली. टमरेल तुळशीला पाणी घालायला आहे. आणि पाचव्या नंबरची ती डिस्क मागच्या साली तात्यांनी माझ्याकडून मागून नेली. वावरात ज्वारी निसवली होती, पाखरांचा त्रास होता. मधोमध बांबू रोवून तिला सुतळीनं टांगलं आहे. वारा आला की ती एका बाजूनं गरगर फिरते, सुतळीला पीळ बसतो, क्षणभर थांबते आणि उलटी फिरायला लागते. मी धुऱ्यावर उभा राहून बघत होतो, तर तात्या मागून आले.

"लाइट गेली तरी चालते," ते म्हणाले, आणि नाल्याच्या बाजूनं पाखरं हाकायला गेले.